खाजणातला वाटा

पाच नंबरच्या टाकीचं झाकण उघडलं की आंबलेल्या पेजेचा वास यायला हवा. त्या दिवशी आला तो नुसता गुळाचा, गोड आणि निरुपद्रवी. दर्शना जुवळे शिडीच्या वरच्या पायरीवर तशीच थांबली. गुडघे सकाळपासून बोलत होतेच, त्यात हा वास.

“आज कसा झकास सुटलाय, मॅडम,” खालून चाळके म्हणाला. टाक्यांची निगा त्याच्याकडे होती आणि तो मनापासून खूश होता.

“झकास कसला? संपलं हे.”

“संपलं? अहो, जिवंत आहे की. बुडबुडे बघा किती येतायत!”

“जिवंत आहे, पण काम विसरलंय,” दर्शना म्हणाली आणि सावकाश खाली उतरू लागली.

चाळकेने पुढच्या टाक्यांकडे पाहिलं. पुढच्या तिन्ही टाक्यांना त्याने याच टाकीतलं विरजण लावलं होतं.

विरजण हा शब्द दर्शनाचाच. नवी पद्धत सुरू झाली तेव्हा कारखान्यातले जुने लोक टाकीतल्या गाळाकडे संशयाने बघत. उभा जन्म त्यांनी वाफ, दाब आणि नाकाला झोंबणारी द्रावकं यांच्यात काढलेला. चिखलातून औषध निघतं हे त्यांच्या पचनी पडेना. शेवटी कंटाळून ती म्हणाली होती, घरी दही लावता ना, तसंच हे. जुन्यातलं थोडं काढून ठेवायचं आणि नव्याला लावायचं. मग कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. एका टाकीतलं दुसरीत, दुसरीतलं तिसरीत असं सुरू झालं आणि खाडीवर जाऊन ताजा गाळ आणायचं काम हळूहळू बंद पडलं. त्यात आपली माणसं पाहुण्याला उपाशी ठेवणारी नव्हेत. सांगितलं होतं त्याहून जास्त गूळपाणी टाक्यांत जाऊ लागलं. टाक्या फसफसायच्या, सगळ्यांना बरं वाटायचं. दर्शनालाही बरंच वाटलं होतं. पन्नाशी उलटल्यावर ओहोटी गाठून गुडघाभर चिखलात उतरायची हौस कोणाला असते?

हा गाळ काय करत होता, ते समजायला फार रसायनशास्त्र लागत नाही. काही रेणू चपलांसारखे असतात. डावा आणि उजवा, दोन्ही सारख्याच घडणीचे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. कंपनी फिट्सवरचं औषध बनवायची. त्यात उजवा रेणू माणसाचा झटका थांबवतो आणि डावा नुसता यकृताला त्रास देतो. जुन्या पद्धतीत दोन्ही निम्मे निम्मे तयार होत. ते वेगळे करायला क्लोरिनवाली द्रावकं पिंपांनी ओतावी लागत आणि एक किलो औषधामागे पन्नास-साठ किलो घाण उरे. ती घाण, त्यातल्या डाव्या रेणूसकट, पाइपातून जुवाटीच्या खाडीत जायची. जवळपास तीस वर्षं गेली. आज शाळेतल्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना ती थाप वाटते, इतकं सगळं बदललं आहे.

त्या तीस वर्षांत पाइपाच्या तोंडाशी बाकी सगळं मेलं आणि काही जिवाणू तेवढे जगले. खायला दुसरं काही नाही म्हटल्यावर ते डावा रेणू खायला शिकले. पण तो तसाच पचत नव्हता, म्हणून आधी त्याचा उजवा करायचा आणि मग खायचा, अशी युक्ती त्यांनी काढली. ही उलटापालट करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दर्शनाने त्या गाळात शोधलं. खाण्याच्या आधीच्या पायरीवर प्रक्रिया थांबवली की हातात नुसता उजवा रेणू येई. द्रावक नाही, जड धातू नाही, भट्टी नाही. साधं पाणी आणि घरातल्या इतकी ऊब पुरे. वर्षभरात औद्योगिक वसाहतीतल्या सहाही कारखान्यांनी आपापल्या औषधांसाठी हाच गाळ वापरायला घेतला. पाइप बंद झाला आणि खाडी हळूहळू निवळू लागली.

आणि घोळ झाला तो इथेच. आयता गूळ मिळाल्यावर विष पचवायची खटपट कोण करेल? सहाही कारखान्यांच्या टाक्यांतल्या जिवाणूंनी ती युक्ती पिढ्यान्‌पिढ्या टाकून दिली. ज्यांनी ती जपली ते मागे पडले, कारण जपायलाही ताकद लागते. दर्शनाने गूळ बंद करून नुसता डावा रेणू घालून पाहिला, तर टाकीच मेली. गोठवून ठेवलेले नमुने काढले, ते जागे झाले पण कामाला लागले नाहीत. विकर दुसऱ्या, पाळीव जिवाणूत घालायचे प्रयत्न पुण्याच्या प्रयोगशाळेने आधीच करून सोडून दिले होते. ही काही एकट्याची कामगिरी नव्हती. सात-आठ जातींचे जिवाणू एकमेकांच्या आधाराने ती करत, आणि त्यांना दिवसातून दोनदा खारं पाणी, दोनदा ऊन, दोनदा उघडा चिखल लागत असे. भरती-ओहोटी टाकीत आणायला दर्शनाने, साठ्यातल्या औषधावर निभावत, सहा महिने घालवले आणि मग हात टेकले.

राहिला होता खाडीतला मूळ गाळ. ती बूट चढवून स्वतः गेली, नमुने आणले, तपासले. गाळात युक्ती अजून होती, पण थोडी. खाडी स्वच्छ होत होती, त्यामुळे गाळही विसरायला लागला होता.

“थोडक्यात काय,” संचालक आठल्ये म्हणाला, “आपण खाडी स्वच्छ केली, म्हणून आपल्याला आता ती स्वच्छ ठेवता येणार नाही.”

“थोडक्यात तसंच,” दर्शना म्हणाली.

आठल्ये वाईट माणूस नव्हता. आवाज चढवत नसे आणि समोरच्याचं ऐकून घेई. त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नसे. त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, सहाही कारखाने परत जुन्या पद्धतीवर न्यायचे. औषध थांबवता येत नाही. गोळी एक दिवस चुकली तर माणूस रस्त्यात कोसळतो. दुसरी, नव्या कायद्यात सोय होती तशी, खाडीचा एक छोटा तुकडा राखीव दूषित क्षेत्र म्हणून घ्यायचा. बांध घालायचा, पाणी अडवायला-सोडायला त्यात उघाडी बसवायची, जुन्या पिंपांत पडून असलेलं विष ओहोटीच्या वेळी मोजून त्यात सोडायचं. गाळ ते भरतीआधी खाऊन टाकेल आणि युक्तीही शाबूत राहील. अट एकच, जमिनीच्या मालकाची संमती हवी.

“आणि तसा गाळ उरलाय फक्त तुमच्या घरच्या खाजणात,” आठल्ये हळू आवाजात म्हणाला. पाइपाचं तोंड उघडत होतं ते तिथेच, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या त्या खाडीकाठच्या जमिनीत. “तुम्ही बोलाल का भावाशी?”

बोलेन म्हणाली ती. दुसरं म्हणण्याचं त्राण तिच्यात नव्हतं.

दर्शनाने लग्न केलं नव्हतं. वसाहतीतल्या, कंपनीने दिलेल्या दोन खोल्यांत ती झोपायची आणि कपडे ठेवायची. घर म्हणजे जुवाटीच्या भोईवाडीतलं, थोरल्या भावाचं, रमाकांतचं. दर रविवारी ती तिथे जेवायला जाई. पाइप वाहता होता तोवर रमाकांत त्याच वसाहतीत पिंपं चढवायचं काम करत होता. खाडी निवळल्यावर त्याने ते सोडलं, होडी घेतली आणि साठीच्या आसपास पुन्हा मासे धरणारा भोई झाला.

त्या रविवारी रेश्मावहिनीने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. गेल्या वर्षीपासून खाजणात तिसऱ्या सापडायला लागल्या होत्या. आधी नखाएवढ्या, आता चांगल्या बोटभर.

“वन्सं, खावा नीट. ह्या आपल्या खाजणातल्या हायत, बाजारातल्या नाय,” वहिनीने आणखी वाढलं.

दर्शना जेवली. सगळं जेवली, कारण नंतर जेवण जाणार नाही हे तिला ठाऊक होतं. मग ओटीवर बसून तिने भावाला सगळं सांगितलं. विरजणाचं, गुळाचं, विसरण्याचं. रमाकांत पायाच्या भेगा चाचपत ऐकत राहिला.

“म्हणजे तुमी पुन्ना इख सोडणार.”

“थोडं, दादा. बांधाच्या आत. नाहीतर पाइप सुरू होईल आणि सगळी खाडी जाईल, पार समुद्रापर्यंत.”

“आन्‌ आमच्याच दारात का?”

“तो गाळ तिथेच आहे म्हणून.”

“गाळ थितं का हाय? तुमच्या पायपानं केला म्हनून. ज्याला एकदा मारलं त्यालाच पुन्ना मारायचा, का तर त्याला सवय हाय!” त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “बाबा ह्याच ओटीवर बसून मेले गो. शेवटपर्यंत बोलत व्हते, वास येतोय, दार लाव. मी नाय देनार. तुज्या सायबाला सांग.”

त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. परत जाताना दर्शना रिक्षात डोळे मिटून बसली. आपण इतकी वर्षं ज्याच्यासाठी झिजलो ते उलटून आपल्याच माणसांच्या अंगावर आलं, याचा तिला संताप यायला हवा होता. पण संतापालाही अंगात काही शिल्लक लागतं.

नकार ऐकून आठल्येने मान हलवली आणि आग्रह केला नाही. दुसऱ्याच आठवड्यात वसाहतीमागे माणसं दिसू लागली. गंजलेल्या पाइपावरचं गवत काढून ती जोड तपासत होती. द्रावकाचा पहिला टँकर फाटकातून आत आला, तेव्हा चाळके टाक्या धूत होता. पाच नंबर, सहा नंबर, सगळ्या.

दर्शनाने त्याच दुपारी रजा टाकली आणि जुवाटीला गेली. रविवार नसताना आलेली पाहून वहिनी आधी हरखली, मग तिचा चेहरा पाहून घाबरली. पाण्याचा तांब्या पुढे केला. रमाकांत मागच्या पडवीत जाळं सांधत होता.

“दादा,” दर्शना उभ्याउभ्याच म्हणाली, “मला माझा वाटा हवाय.”

त्याने वर पाहिलं. “कसला?”

“खाजणातला. पाइपाच्या तोंडाकडचा कोपरा. निम्म्याहून कमीच आहे तो. बाकी सगळं तुझं.”

जुवाटीत बहिणी वाटा मागत नाहीत. कायद्याने मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी मागत नाहीत. बहिणीने हक्क सोडायचा आणि त्या बदल्यात तिचं माहेर शाबूत राहायचं, साडी-चोळी, भाऊबीज, आजारपणात चार दिवस पडून राहायला जागा. जिने मागितला तिचं नाव निघालं की बायका विषय बदलतात. बाबा गेले तेव्हा दर्शनाही सगळ्यांसमोर म्हणाली होती, मला काही नको. ते सही करून द्यायचं राहून गेलं होतं इतकंच, आणि भावाने कधी आठवण करून दिली नव्हती. बहिणीला काय आठवण करून द्यायची, म्हणून.

“वन्सं, वाटा?” वहिनीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“तुज्या कंपनीनं शिकवलं?” रमाकांतने विचारलं.

“नाही. त्यांनी सोडून दिलंय. पाइप दुरुस्त करायला घेतलाय. पावसाआधी सुरू होईल.” दर्शनाला बसावंसं वाटत होतं, पण कुणी बस म्हटलं नव्हतं. “तू नाही म्हणालास ते बरोबरच होतं. तुझ्या जमिनीत विष घाल असं तुला कोणी सांगू नये. म्हणून मी माझ्या जमिनीत घालते. उरलेलं तुझ्याकडे राहील, स्वच्छ. खाडीसुद्धा.”

“आन्‌ तुज्याकडं काय राहील?”

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते बोलून दाखवलं असतं तर रडू आलं असतं.

रमाकांतने जाळं खाली ठेवलं. त्याने अंगणापलीकडच्या चिखलाकडे पाहिलं. “घे,” तो म्हणाला. “कोर्टकचेरी नको. तुजा हाय तो.” आणि उठून आत गेला. वहिनीने तांब्यातलं पाणी अळवाच्या बुंध्याशी ओतलं. दर्शनाला तहान लागलेली होती.

बांध घालायला महिना लागला. मोजणी झाली, उघाडी बसली, सरकारी माणसांनी पिवळ्या पाट्या लावल्या. पाइपाचं काम थांबलं, द्रावकाचे टँकर परत गेले. आठल्येने सगळ्यांसमोर दर्शनाचं कौतुक केलं आणि टाळ्याही पडल्या. त्या महिन्यातला एकही रविवार ती जुवाटीला गेली नाही. तिला कोणी बोलावलं नाही आणि तिनेही फोन केला नाही. रविवारी ती कँटीनमध्ये जेवायची. डाळ बरी असायची.

विष सोडायचा दिवस ठरला तेव्हा पहिला डबा मी स्वतः ओतेन, असं तिने सांगितलं. आठल्ये म्हणाला, कशाला, माणसं आहेत की. ती म्हणाली, जमीन माझी आहे.

ओहोटी सकाळी होती. चाळके आणि ती डबा घेऊन बांधावर पोचली, तर खाजणात माणसं. रमाकांत, वहिनी आणि भोईवाडीतल्या आठ-दहा बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या. टोपल्या अर्ध्याअधिक भरलेल्या. आधी तिला वाटलं, अडवायला आलेत. मग लक्षात आलं, ते सगळे तिच्याच कोपऱ्यात होते, पिवळ्या पाट्यांच्या आत, आणि तिसऱ्या वेचत होते. टोपली भरली की एकजण बांध ओलांडून पलीकडे, रमाकांतच्या बाजूच्या चिखलात ती ओती आणि हाताने हलकेच दाबी. खायला नव्हत्याच त्या. हलवत होते त्यांना.

कोणी वर पाहिलं नाही. दर्शनाने डबा खाली ठेवला, बूट काढले, साडी खोचली आणि चिखलात उतरली. चिखल तिच्या ओळखीचा होता. लहानपणी तिने इथे तिसऱ्या वेचल्या होत्या, पाइप यायच्या आधी. बोटांना अजून कळत होतं, कुठे खुपसायचं आणि कुठे नाही. वहिनीशेजारची टोपली तिने ओढून घेतली. वहिनीने ती ओढू दिली. तासभर सगळे वेचत होते आणि टोपल्या आदळण्याखेरीज आवाज नव्हता. दर्शनाची कंबर मोडून आली. तरी या महिन्यात पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं, आणि हे आता संपणार म्हणून फार वाईटही वाटत होतं.

पाणी फिरायची वेळ जवळ आली. बायका एकेक करून बांधावर चढल्या आणि पलीकडे उतरल्या. शेवटी रमाकांत. त्याने दर्शनाला हात दिला आणि वर ओढून घेतलं. त्याचा हात चिखलाने आणि वयाने खरखरीत झाला होता. ती वर आल्यावरही त्याने तो लगेच सोडला नाही.

“झालं. सगळ्या निगाल्या,” तो म्हणाला. “आता वत तू.”

“दादा…”

“वत गो. भरती यील.”

ती डबा घेऊन परत चिखलात उतरली आणि तो उघडला. तो जुना वास आला, बाबांना दार लावायला लावणारा. पाणी दाट आणि पिवळट होतं. ते चिखलावर पसरलं आणि काही क्षणांत खाली मुरलं. राहिलेल्या एखाद-दोन तिसऱ्या वर आल्या आणि तोंड उघडून पडल्या. चाळकेने उघाडी बंद केली.

रमाकांत अजून बांधावरच होता, पण दोन पावलं मागे सरकलेला. पलीकडे बायका पाय धूत होत्या आणि वहिनी घराच्या वाटेला लागली होती. दर्शना बांधावर चढून सवयीने त्याच वाटेकडे वळली, तेव्हा रमाकांतने हात आडवा केला. रागाने नव्हे, अगदी हळू.

“हिकडनं नको येऊस,” तो म्हणाला. “तुज्या पायाला तो चिखल हाय. आमच्यात लागंल.”

बरोबर होतं ते. तिने स्वतः लिहिलेल्या सूचनांत हेच होतं. विष सोडल्यावर राखीव क्षेत्रात गेलेल्या माणसाने लगतच्या पाण्यात उतरू नये. दर्शनाने मान हलवली, रिकामा डबा उचलला आणि वसाहतीकडच्या लांबच्या वाटेने चालू लागली.